शेंडगे मॅडमची बस

आता एका यंत्राला दुसरं यंत्र जोडताना कोणी विचार करत नाही. माझी मुलगी चालू टीव्हीला चालू फोन लावते, तो उपसते, दुसरं काहीतरी खुपसते, आणि हे सगळं एका हातानं. दुसऱ्या हातात बिस्कीट असतं. माझा हात मात्र अजून क्षणभर थबकतो. वायरचं टोक खाचेजवळ नेलं की कॉलेजातली जुनी भीती वर येते, आणि तिच्या मागोमाग एक खणखणीत आवाज येतो: "बंद करायचं नाय गं! चालू ठेवून जोडायचं!"

हा आवाज शेंडगे मॅडमचा. वैजंता शेंडगे.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. पाऊस रुसलेला होता आणि शहर मात्र वाढत सुटलं होतं. औरंगाबादेत जालना रोडनं चिकलठाण्याकडे निघालं की एका अंगाला पाण्याच्या टँकरची रांग दिसे आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींचे 'बुकिंग सुरू'चे फलक. त्याच रस्त्यावर संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं एक मोठं दुकान होतं. मी त्याच जिल्ह्यातल्या कन्नड गावात शाळा शिकलेली, पुढे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिलीच. पण इंग्रजीत कोणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. त्या दुकानात मला प्रात्यक्षिक विभागात नोकरी मिळाली. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक मोठा टीव्ही, एक व्हिडिओ कॅमेरा आणि शेंडगे मॅडम.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा त्या गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. चांगल्या उंच. पदर कमरेला खोचलेला. डॉक्टर गळ्यात नळी घालतात तशी गळ्यात एक करडी केबल. संगणक चालू, कॅमेरा चालू, आणि बोलता बोलता बाईंनी दोघांना जोडणारी केबल खसकन उपटली.

"मॅडम! बंद नाही केलं!" मी ओरडलेच.

आम्हाला प्रयोगशाळेत बजावलेलं असायचं, आधी संगणक बंद, मग जोडणी. चालू यंत्रात वायर घातली की आतलं सगळं जळतं. घोळका माझ्याकडे वळला. मॅडमनी केबलचं टोक माझ्यासमोर धरून विचारलं, "कोणत्या गावची गं तू?"

"कन्नडची."

"कन्नडची हायेस अन् घाबरतीस कामून?" असं म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि केबल पुन्हा खाचेत बसवली. टीव्हीवर माझाच आ वासलेला चेहरा आला. घोळका खो खो हसला. मीही हसले. त्यांच्यासमोर ओशाळं होऊन उभं राहणं जमायचंच नाही कोणाला.

आमचं काम सांगते. संगणकाच्या भाषेत बस म्हणजे माहिती इकडून तिकडे नेणारी वाट. पूर्वी प्रिंटरच्या केबलीसारख्या जाडजूड, रुंद केबली असत. त्यांत माहितीचे कण आठ-आठच्या ओळीनं शेजारी शेजारी चालत. मग बारीक केबली आल्या. त्यांत कण एकामागून एक जात, पण इतक्या वेगानं की चालतं चित्रसुद्धा कॅमेऱ्यातून संगणकात न अडखळता उतरे. याला हायस्पीड सिरियल बस म्हणत. कॅमेऱ्यासाठीच्या तिच्या एका प्रकाराला फायरवायर असं दणदणीत नाव होतं. ही बस लोकांना दाखवायची, तिचं भय घालवायचं, यासाठी आमची नेमणूक होती.

मॅडमची गर्दी जमवायची रीत न्यारी होती. दोन बोटं तोंडात घालून त्या अशी शीळ घालत की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघे. त्या मेंढपाळाच्या घरच्या. देवगाव रंगारीच्या पुढे माळावर त्यांची वस्ती. शेठ काउंटरवरून कळवळून म्हणत, "मॅडम, ये शोरूम है, रान नहीं है।" मॅडम म्हणत, "शेठ, माणसं आली का नाय? मग?" शेठ मुकाट्यानं पावतीपुस्तक उघडत, कारण माणसं आलेली असत.

केबलीला गाठ मारलेली त्यांना खपत नसे. "दोरी काय, वायर काय, गाठ मारली की तिचा जीव गुदमरतो," म्हणून त्या प्रत्येक केबल कोपर ते अंगठा अशी मोकळी गुंडाळत. प्रत्येक खाचेवर आधी फुंकर मारत. दुष्काळात शहराला दुसरं काही मिळो न मिळो, धूळ भरपूर होती.

आणि त्यांचा एक नियम होता: समोरच्याला त्याच्याच घरातली गोष्ट सांगायची. शिंपी आला की सुईदोऱ्याचं उदाहरण. डॉक्टर आला की सलाइनची नळी. लग्नाचे व्हिडिओ काढणारे सलीमभाई पहिल्यांदा आले, ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, नाम सुनकेच डर लगरा. फायरवायर? हमारे पास लोगां की शादियाँ हैं, आग नक्को."

"या हो सलीमभाई, आग बिग काय नाय. वरात काढता ना तुम्ही?"

"हौ, वोइच तो धंदा है।"

"मग ऐका. जुनी केबल म्हणजे वरात. आठ जण हातात हात घालून रस्ताभर चालायलेत. त्यातला एक मामा बँड वाजला की नाचायला लागतो. मग बाकीचे सात काय करतात?"

"रुकते।"

"हां. समदी वरात त्या मामापायी उभी. अन् ही बारीक केबल म्हणजे एकामागं एक पळणारी पोरं. कोणी कोणासाठी थांबत नाय."

सलीमभाई विचार करून म्हणाले, "और मामू?"

"मामूला घरीच ठेवलंय."

त्या दिवशी त्यांच्या कॅमेऱ्यातली एक टेप आम्ही संगणकात उतरवली. तोवर ते दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून जोडकाम करत. प्रत्येक नकलेत चित्र थोडं फिकं होई. आता पडद्यावर नवरीची पाठवणी आली. नवरी रडत होती. सलीमभाई पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "कसम से मॅडम, आँसू तक साफ दिखरे." पुढे शहरातले कितीतरी व्हिडिओवाले त्यांनी स्वतः धरून आणले. दारातूनच ओरडत, "मॅडम, इसको वो मामूवाला सुनाव!"

'चालू ठेवून जोडायचं' हे मॅडमचं बोलणं केबलीपुरतं नव्हतं. दुकानात दोघांचं बिनसलं, बोलणं बंद झालं, की त्या दोघांना एकाच टेबलापाशी कामाला लावत. "भांडण मिटू द्या, मग बोलू, असं नसतं. काम चालू हाय, त्याच्यातच बोलून घ्यायचं." माझ्या नोकरीवरून घरी कुरबुर होती आणि रुसून मी कन्नडला फोन करणं सोडलं होतं. त्यांनी मला दुकानाच्या फोनपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "राग राहू दे. रागातच बोल." मी रागातच बोलले. आई पलीकडून रागातच म्हणाली, जेवतेस का वेळेवर. झालं, जोडलं गेलं.

अख्ख्या शहराशी अशी जोडणी करणाऱ्या या बाईला एका माणसाशी मात्र ती जमत नव्हती. तो माणूस म्हणजे त्यांचे वडील, धोंडिबा शेंडगे. मॅडम त्यांना दादा म्हणत.

झालं होतं असं. नोकरी लागल्यावर मॅडमनी वस्तीजवळच्या किराणा दुकानात फोन करून दादांना कळवलं होतं. लाइन खरखरत होती. त्या सांगत होत्या की मला हायस्पीड सिरियल बसच्या प्रात्यक्षिकाचं काम मिळालंय. एवढ्या मोठ्या वाक्यातला एकच शब्द पलीकडे धड पोचला: बस. दादांनी त्याच दिवशी वस्तीवर गूळ वाटला. पोरगी बसमध्ये लागली. सगळे धरून चालले की कंडक्टर झाली.

मॅडमनी पुढे अनेकदा समजवायचा प्रयत्न केला. पण दादांसमोर त्यांचं काहीतरी बिघडे. ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं.

त्या उन्हाळ्यात वस्तीकडे चारा उरला नव्हता. दादा कळप घेऊन भटकत भटकत चिकलठाण्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर येऊन उतरले होते. इमारती उठायच्या होत्या, तोवर कडेनं जरा हिरवं होतं. एका सकाळी ते दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, लाल फेटा. चपला त्यांनी फुटपाथवरच काढल्या होत्या. मॅडम धावतच गेल्या, त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं, कॅमेरा लावला, केबल जोडली, आणि बोलायला लागल्या.

"दादा, हे माहितीचे वहन करणारे माध्यम आहे. या उपकरणातील दृश्य त्या उपकरणात संक्रमित होते."

मी चमकून बघत राहिले. शिंप्याशी, सलीमभाईंशी, शेठशी 'लई' आणि 'नाय' म्हणत बोलणारी बाई बापासमोर क्रमिक पुस्तकासारखी बोलत होती. दादा मन लावून ऐकत होते. "व्हय... व्हय," म्हणत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सरकारी हाय का?"

"नाही दादा, खाजगी."

"मग डेपो कुठंशीक हाय?"

शेठनीच चहा मागवला. निघताना दादा काठी घेऊन म्हणाले, "वस्तीवरचा तो गणपत बी आलाय मेंढरं घेऊन, रोज टोमणा मारतो. म्हनतो, धोंडिबा, तुझी पोर बसमधी हाय, मंग तिची बस आपल्या फाट्यावर कशी नाय येत? म्हनलं, येईल. टायमावर येईल." मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नीट चालव, माय."

ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत मॅडम दारात उभ्या होत्या.

"तुम्ही त्यांच्याशी असं का बोललात?" मी विचारलं. "संक्रमित बिंक्रमित?"

"मला शिकवलं कोणी? त्यांनीच ना. भावकी म्हणली, पोरगी कन्नडला हॉस्टेलात गेली तर मेंढरं कोण राखंल? हे म्हणले, मी राखतो, तिला जाऊ द्या. मग त्यांना वाटाय नको, पोरगी शिकलीय?" त्यांनी गळ्यातली केबल काढून उगाच गुंडाळली. "समद्या शहराला सांगून झालं गं. दादांना एकदा कळू दे मी काय करते. आन दुसरं कायबी नको मला. ते गणपतपुढं मान ताठ करून खोटं बोलायलेत, अन् त्यांना ठावंबी नाय की ते खोटं हाय."

त्याच वर्षी, उन्हाळा सरता सरता, शेठनी ठरवलं की प्रात्यक्षिक तालुक्यांच्या गावी न्यायचं. तिथले फोटोवालेही आता व्हिडिओ काढू लागले होते. पहिलं गाव कन्नड, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी. मॅडमनी तिथल्या एका पेंटरला फोनवर कापडी फलकाचा मजकूर सांगितला: 'हायस्पीड सिरियल बस, कॅमेरा ते संगणक, मोफत प्रात्यक्षिक.'

आम्ही जीपमध्ये टीव्ही, संगणक, कॅमेरा आणि इन्व्हर्टर घालून निघालो. भारनियमनाचे दिवस, विजेचा भरवसा नव्हता. बाजाराच्या मैदानाशी पोचलो तर मला वाटलं कुठल्यातरी पुढाऱ्याची सभा आहे. एवढी गर्दी! बाया-बापे, पिशव्या, वळकट्या, एका आजीच्या काखेत टोपलीखाली झाकलेली कोंबडी. कोणाच्या हातात झेंडूचा मोठा हार. मध्ये दोन बांबूंवर आमचा फलक, ठसठशीत अक्षरांत:

'हायस्पीड बस सेवा. कन्नड. आज प्रात्यक्षिक. सर्वांनी यावे.'

मॅडमनी पेंटरला गाठलं. तो बिचारा अभिमानानं उभा होता. "कापड पुरंना मॅडम. म्हनून कॅमेरा अन् संगणक काढलं. अन् सिरियल तर टीव्हीवर असती, बसमधी कशाला?"

"अन् सेवा कुठून आली?"

"ते मी माझ्या मनानं टाकलं. बसला सेवा लागतीच."

तेवढ्यात लोकांनी आम्हाला घेरलं. "बाई, घाटात थांबती का?" "चाळीसगावला किती वाजता पोचती?" "म्हाताऱ्या माणसाला हाफ तिकीट हाय ना?" कोंबडीवाल्या आजीनं माझा हात धरून विचारलं, "कोंबडीचं येगळं घेतात का गं?" गावातले एक पुढारी हातात माइक घेऊन नव्या बससेवेचं स्वागत करायला लागले होते. मला पळून जावंसं वाटत होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्या हसायच्या बेतात होत्या, हसू अगदी ओठांवर आलं होतं, आणि एकाएकी ते तिथेच गोठलं.

गर्दीच्या पुढच्या ओळीत लाल फेटा होता. दादा. धुतलेलं धोतर, नवी घोंगडी, हातात नारळ. कळप वस्तीकडे परतला होता, आणि बाजारातल्या फलकाची बातमी तिथवर पोचली होती. त्यांच्या मागे वस्तीवरचे चौघे जण, आणि त्यातला जो मिशीला पीळ देत उभा होता तो गणपत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वैजंते, गणपतला घेऊन आलोय. पुढच्या सीटवर बसवतो म्हनलंय त्याला."

गणपत म्हणाला, "सीट ऱ्हाऊ दे धोंडिबा, आधी बस तर दिसू दे. कुठंय?"

मॅडमनी खरं सांगितलं तर बापाची मान सगळ्या बाजारासमोर खाली जाणार होती. खोटं सांगायला तर काही जागाच नव्हती, बस नव्हतीच. त्यांनी एकदा दादांकडे बघितलं. मग पदर खोचला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की पुढाऱ्यांनी माइक खाली ठेवला.

गळ्यातली केबल काढून त्यांनी हात उंच केला. "ही बघा बस."

कुठूनतरी एक जण फिस्सकन हसला, आणि मैदानभर हशा पसरायला लागला. गणपत म्हणाला, "आरं धोंडिबा, ही तर कासऱ्याएवढी बी नाय!"

"मामा, हसून झालं की सांगा," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी त्यांचा, रानातला. "माझ्या दादांनी तुम्हाला पुढची सीट कबूल केलीय ना? मग चढा. या पुढं. येता तर या, बस कोणासाठी थांबत नाय!"

त्यांनी फलकाखालच्या टेबलासमोर चार खुर्च्या ओढल्या. मला डोळ्यांनी खूण केली. मी जीपमधलं सामान टेबलावर मांडलं, इन्व्हर्टर लावला, टीव्ही, संगणक सुरू केला. चौघं कुतूहलानं बसले. मॅडमनी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला, केबलच्या खाचेवर फुंकर मारली आणि तोंडानं कंडक्टरच्या घंटीसारखं "टिंग टिंग" केलं. केबल बसली. मोठ्या टीव्हीवर गणपत आला. पिळलेली मिशी, अर्धवट उघडं तोंड.

"आयला!" गणपत म्हणाला. टीव्हीतला गणपतही त्याच क्षणी म्हणाला, "आयला!"

मग जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. सगळ्यांना त्या बसमधून जायचं होतं. मॅडम घंटी वाजवत, माणसं बसवत, उतरवत होत्या. "चला, पुढं सरका. मावशी, कोंबडीला तिकीट नाय, पण टोपली उचला, तिलाबी बघू द्या." कोंबडी टीव्हीवर आली तेव्हा बाजारानं टाळ्या वाजवल्या. मधे एकदा मॅडमनी केबल खसकन उपटली, चित्र गेलं, गर्दीनं "आँ?" केलं, पुन्हा लावली, चित्र आलं. "बघा, कायबी बंद केलं नाय. चालू ठेवून जोडायचं!" पेंटर शेजारी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "बोर्ड मीच लिहिलाय."

दादा मात्र एका बाजूला उभे होते. नारळ तसाच हातात. ते टीव्हीकडे बघत नव्हते, केबलकडे बघत होते. गर्दी जरा पांगली तसे ते टेबलाशी आले, वाकले आणि बोटानं ती बारीक केबल चाचपत म्हणाले, "वैजंते, एवढ्या बारीक वाटंनं एवढालं चित्र जातं कसं?"

मॅडमनी तोंड उघडलं. मला भीती वाटली, आता वहन आणि संक्रमण येणार. पण त्या थांबल्या. आणि मग टेबलाच्या कडेला, दादांच्या शेजारी, जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"दादा, सांजच्याला मेंढरं वाघरात घेता, तवा वाघराचं तोंड केवढं ठेवता?"

वाघर म्हणजे रात्री कळप कोंडायला लावतात ते जाळीचं कुंपण. दादाही खाली बसले. "एक मेंढरू जाईल येवढं."

"मोठं कामून नाय ठेवत?"

"मोठं ठेवलं तर चार-चार घुसत्यात. अंगाला अंग लागून अडकत्यात, एक पडतं, मागची थांबत्यात. एकएक सोडलं की कशी सरसर पळत जात्यात."

"अन् एकएक सोडलं की अजून काय व्हतं?"

"मोजता येतं."

"मग हेच हाय ते," मॅडम केबल त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या. "चित्राची मेंढरं करायची, बारीक बारीक. इकडून एकएक सोडायचं. तिकडं मोजून घ्यायचं. तिकडं पुन्हा कळप जमला की चित्र. तिला बस म्हणतात. ती दाखवायचं माझं काम हाय."

दादांनी तळहातावरची केबल उलटीपालटी करून बघितली. मग त्यांनी विचारलं, "अन् एखादं कोकरू मागं ऱ्हायलं तर?"

मॅडमचा चेहरा असा उजळला की मी अजून विसरलेले नाही. असा प्रश्न त्यांना शहरात कोणी विचारला नव्हता. "नुसती फाईल असंल तर परत बोलावतात. चालतं चित्र असंल तर टाइम नसतो. सोडून पुढं जातात."

"सोडून?" दादा दचकले. "कोकरू सोडून?"

"व्हय."

"नाय बा. हे नाय जमायचं आपल्याला." दादांनी मान हलवली. आणि मग हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजी तू कंडक्टर नायीस!"

"नाय दादा."

"येवढी वर्सं शिकून मेंढरंच राखतीस की!"

"मेंढरंच राखते," मॅडम म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या. दोघं बापलेक जमिनीवर बसून हसत होते.

दादा उठले. गणपत अजून टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "गणपत, बस आली का नाय? टायमावर?" गणपत म्हणाला, "आली बाबा, आली. परत कवा हाय?" दादांनी नारळ टेबलाजवळच्या दगडावर फोडला. हार कोणाला घालायचा यावर थोडी चर्चा झाली. बसला घालायचा म्हणून आणलेला, पण बस तर बोटाएवढी. शेवटी तो हार टीव्हीला घातला आणि खोबरं वाटत वाटत बाजार उठला.

पुढे तो बारीक केबलीचा प्रकार मागे पडला. यूएसबीच सगळीकडे पसरली, तिचीही रूपं बदलत राहिली, आता तर केबलच नको झाली आहे. कोणीतरी मॅडमना म्हटलं, तुमची बस बंद पडली की. त्या म्हणाल्या, "वाघर बदललं. मेंढरं तीच हायेत." दुकान सोडून त्या एका प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागल्या. मीही पुढे शिक्षिका झाले. वर्गात उभी राहून बोलताना मला घाम फुटत नाही. समोर बसलेल्या मुलीच्या घरात काय आहे ते मी आधी विचारते, मग तिथूनच सुरुवात करते. ही सगळी त्यांची देणगी.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सिडकोच्या बसस्थानकात. मी कन्नडला माहेरी निघाले होते. गाडीत मागच्या बाकावर जागा मिळाली होती. पुढे खिडकीपाशी एक लाल फेटा दिसला. दादा. खूप थकलेले, पण ताठ. ते शेजारच्या प्रवाशाला सांगत होते, "माझी पोरगी बसमधी हाय."

"कंडक्टर का?" शेजाऱ्यानं विचारलं.

"छ्या! तिची बस येगळी. तिच्यात गर्दी नसती. समदं एकएक करून जातं, अन् पलीकडं मोजून घेत्यात." थोडं थांबून ते म्हणाले, "फकस्त कोकराचं जरा बघाय पायजे. ते सांगितलंय मी तिला."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. फलाटावरून कोणीतरी शीळ घातली. ती शीळ मी हजारांत ओळखली असती. खिडकीतून बघितलं तर शेंडगे मॅडम, केस पांढरे झालेले, पदर खोचलेला, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात दादांची विसरलेली काठी घेऊन गाडीबरोबर धावत येत होत्या. मी मागून हात हलवला. त्यांनी मला बघितलं आणि धावता धावताच मान डोलावली.

"थांबवू का बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"थांबवू नका!" त्या ओरडल्या. "चालू ठेवा!"

दादांनी खिडकीतून हात बाहेर काढला. काठी आत आली. मग बाटली आली.